मूत्रमार्गाचा कर्करोग : हाताला काय लागतं, नोंदीत काय उरतं?

मूत्रमार्गाचा कर्करोग फार दुर्मिळ आहे. सगळ्या कर्करोगांत त्याचा वाटा १ टक्क्याहूनही कमी. त्यामुळे आमच्या मेडशीचा एखादा पेशंट 'लघवीची धार बारीक झाली' म्हणून वाशीमला किंवा अकोल्याला गेला, तर डॉक्टरांच्या मनात आधी प्रोस्टेट येतं, नाहीतर स्ट्रिक्चर, म्हणजे मार्ग अरुंद होणं. ते स्वाभाविकच आहे. पण म्हणूनच हाताने केलेल्या तपासणीला इथे किंमत आहे.

तपासणीत काय बघतात? पुरुषांमध्ये लिंगाच्या खालच्या बाजूने मूत्रमार्ग चाचपतात. कुठे टणकपणा किंवा गाठ लागते का? वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागात सूज, गळू किंवा लघवी झिरपणारं छिद्र आहे का? गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेटही तपासतात. स्त्रियांमध्ये मूत्रद्वाराशी मांसल वाढ दिसू शकते किंवा योनीच्या पुढच्या भिंतीतून गाठ हाताला लागू शकते. अशी वाढ साध्या, निरुपद्रवी कॅरंकलसारखीही दिसते. म्हणून शंका आली की बायोप्सी करायचीच.

आता जांघेतल्या लसीका गाठी. मूत्रमार्गाच्या बाहेरच्या टोकाकडचा लसीकाप्रवाह जांघेत जातो, तर आतल्या भागाचा ओटीपोटातल्या गाठींकडे. तिथे बोट पोचत नाही. म्हणजे 'जांघेत गाठ नाही' याचा अर्थ 'रोग पसरलेला नाही' असा होत नाही. त्यासाठी सीटी किंवा एमआरआय लागतोच. उलट बाजूने, लिंगाच्या कर्करोगात जांघेतली गाठ नुसत्या जंतुसंसर्गानेही सुजलेली असू शकते. मूत्रमार्गाच्या कर्करोगात मात्र हाताला लागणारी गाठ बहुतेक वेळा रोग पसरल्याचीच खूण असते.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. रोग दुर्मिळ, त्यामुळे अभ्यास बहुधा जुन्या केसपेपरवरच होणार. त्यात जांघेचा रकाना कोरा असेल तर काय भराल? बरेच जण सरळ 'नाही' भरून मोकळे होतात. पण तपासून गाठ न सापडणं वेगळं आणि तपासलंच नसणं वेगळं. म्हणून रकान्यात तीन पर्याय ठेवा : आहे, नाही, नोंद नाही. पेशंट मुळात वीस-पंचवीस असतील, तर चार-पाच कोरे रकाने 'नाही' धरल्यानेही टक्केवारी पार बदलते. मग गाठी कमी वेळा आढळतात असा चुकीचा निष्कर्ष निघतो, आणि तो वाचून पुढचा डॉक्टर जांघ तपासायचीच सोडून देऊ शकतो.