दिंडोरीच्या दप्तरातली माणसं

दिंडोरीचा इतिहास म्हटलं की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. पहिली, १७ ऑक्टोबर १६७० ची लढाई. सुरत दुसऱ्यांदा लुटून परतणाऱ्या शिवाजी महाराजांना मोगल सरदार दाऊदखानाने वणी-दिंडोरीच्या टापूत गाठलं आणि मार खाल्ला. दुसरी रामशेजची. औरंगजेबाच्या फौजांना या छोट्या किल्ल्याने वर्षानुवर्षं झुंजवलं. दोन्हींचा अभिमान रास्तच आहे. पण मोहाडीत, जानोरीत, लखमापुरात पिढ्यान्‌पिढ्या नांगर कोणी धरला, कोणती विधवा कोणत्या गटावर पाय रोवून उभी राहिली, असं विचारलं तर पणजोबांच्या पलीकडचं नाव कुणाला सांगता येत नाही. ही नावं कुठे गेलेली नाहीत. त्यातली कितीतरी तालुक्याच्या कचेरीतच आहेत, लाल फडक्यात बांधलेली.

शोध घरापासून सुरू करावा. पेटीतलं जुनं खरेदीखत, सोसायटीचं पासबुक, आणि त्याहून आधी घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाची आठवण. आजीला तिच्या माहेरचं, आईच्या माहेरचं गाव विचारून ठेवावं, कारण जुनं दप्तर गाववार लावलेलं असतं. आडनावावर फार विसंबू नये. जुन्या नोंदींत बरेचदा नाव, बापाचं नाव आणि जात एवढंच सापडतं. मग गावच्या जुन्या शाळेत जाऊन प्रवेश-निर्गम उतारा मागावा. पिढी जुळवायला त्याच्याइतका सोपा कागद नाही.

खरा खजिना मात्र कोतवाल बुकात आहे. सरकारी भाषेत हा गाव नमुना १४, म्हणजे गावकामगारांनी ठेवलेली जन्म-मृत्यूची नोंदवही. जन्माच्या रकान्यात पुष्कळदा मूल बिननावाचं असतं, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, कारण बारशाआधीच वर्दी गेलेली असते. शेजारी बापाचं नाव, जात, तारीख. मृत्यूच्या पानावर वय आणि कारण: ताप, पटकी, देवी. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतली पानं मिळाली तर आवर्जून पाहावीत. एकाच घरातली दोन-तीन नावं पाठोपाठ आली, की त्या घराची पुढची पिढी मामाकडे का वाढली याचा उलगडा तिथेच होऊ शकतो.

या वहीचं मोल मला सातबाऱ्यापेक्षा जास्त वाटतं. सातबारा जमीनवाल्याचा. तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात राबणाऱ्या महादेव कोळी आणि कोकणा कुटुंबांपैकी ज्यांच्या नावावर गुंठाही नव्हता, त्यांचे जन्म-मृत्यू इथे लिहिलेले आहेत. जात पडताळणीत अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो, तेव्हा अनेकांची भिस्त याच वहीवर असते. पूर्वीच्या महार कुटुंबांनी वतनाचे कागदही धुंडाळावेत. कनिष्ठ गाव वतनं १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, आणि त्या कारवाईत वतनदारांची नावं कागदावर आली.

जमीन असेल तर फेरफार काढावा. सातबारा आजचा मालक सांगतो. तो मालक कसा झाला ते फेरफार सांगतो. खातेदार मयत झाला, वारस दोन मुलगे, एक मुलगी, पत्नी; पुढे मुलीने हक्कसोड दिली. एवढ्या चार ओळींत घरच्या वंशावळीने गाळलेल्या बायका नावानिशी भेटतात. वारसांचं रजिस्टर वेगळं असतं, गाव नमुना ६क. स्कॅन झालेले जुने उतारे आता ‘आपले अभिलेख’वर घरबसल्या पाहता येतात. उरलेल्यांसाठी नकलेचा अर्ज करावा लागतो.

मागे जाताना एक गोष्ट विसरू नये. नाशिक जिल्हा झाला १८६९ साली. त्याआधी दिंडोरी अहमदनगर कलेक्टोरेटमध्ये होती. त्यामुळे त्यापूर्वीचा पत्रव्यवहार पुण्याच्या किंवा मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधताना अहमदनगरच्या नावाखालीही पाहायचा. पाटील, कुलकर्णी, देशमुख घराण्यांनी इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे हक्क शाबीत करायला वंशावळी दाखल केल्या, त्या पुण्यात पाहाव्यात. पेशवे दप्तरही तिथेच आहे. त्यातून इतिहासकार सरदेसायांनी छापलेले पंचेचाळीस खंड हा या सागराचा जेमतेम काठ. गावाची सर्वसाधारण माहिती १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये मिळेल.

इथून पुढे मोडी आली, आणि मोडीबरोबर सुहूर सन. ‘सीत सबैन मया व अलफ’ असं दिसलं की घाबरू नये. सीत म्हणजे सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७६. त्यात ५९९ मिळवले की १७७५. हे वर्ष मृग लागला की बदलतं, म्हणून पुढच्या जानेवारीपासूनचा कागद १७७६ चा. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. गावातल्या एकाने जरी ते केले तरी साऱ्या गावाची सोय होते. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचणारे किती थोडे उरलेत, ते साऱ्या महाराष्ट्राला कळलं.

सरकारी दप्तराबाहेर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये वही काढतात, आणि कधी काळी श्राद्धाला आलेल्या पूर्वजाचा लेख समोर येतो, सोबत भावांची आणि मुलांची नावं. जुन्या पानांवर मुली क्वचितच असतात. वाचून झालं की आपला लेखही तिथे लिहिता येतो. तेव्हा लेकी-सुनांची नावं, त्यांच्या माहेर-सासरच्या गावांसकट, स्वच्छ अक्षरात लिहावीत.