कसोटी तंत्रज्ञानप्रमुखाची

पुणे-नगर रस्त्यावरील रांजणगाव शिरूर तालुक्यात येते, तर पुणे-सोलापूर रस्त्यावरील कुरकुंभ दौंड तालुक्यात. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मोटारी, फ्रिज अशा वस्तू तयार होतात. कुरकुंभला मुख्यतः रासायनिक कारखाने आहेत. आज या कारखान्यांतील कच्च्या मालाच्या नोंदीपासून यंत्रांच्या नियंत्रणापर्यंत बहुतेक कामे संगणकावर चालतात. साहजिकच 'सीटीओ' किंवा 'सीआयओ' म्हणून ओळखला जाणारा तंत्रज्ञानप्रमुख आता केवळ हिंजवडीच्या आयटी कंपन्यांपुरता राहिलेला नाही. त्याच्या एका चुकीच्या निर्णयाने शेकडो कामगारांची पाळी वाया जाऊ शकते, प्रसंगी त्यांच्या जिवालाही धोका पोहोचू शकतो. म्हणूनच या पदावरील व्यक्ती उत्तम कधी ठरते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

आधी काम, मग संगणक

पहिला गुण म्हणजे कामाची जाण. मोटारीच्या कारखान्यात सुट्या भागांचा मोठा साठा न करता ते गरजेनुसार मागवले जातात. कोणता भाग कोठे आहे, हे सांगणारी संगणक यंत्रणा बंद पडली, तर जुळणीचे काम थांबते आणि पुरवठादारांचे ट्रक प्रवेशद्वारापाशी अडकून पडतात. येथे नुकसान मिनिटांत मोजले जाते.

रासायनिक कारखान्याचे गणित वेगळे आहे. तापमान आणि दाब यांवर चालणारी प्रक्रिया अध्येमध्ये हवी तेव्हा थांबवता येत नाही. कार्यालयातील संगणकावर नवे सॉफ्टवेअर टाकून तो पुन्हा सुरू करणे ही किरकोळ बाब असते. नियंत्रण कक्षातील संगणकाबाबत तेच केले तर अपघात ओढवू शकतो. २०१७ मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल कारखान्यात, अपघात टाळण्यासाठी बसवलेल्या सुरक्षा यंत्रणेतच 'ट्रायटन' नावाचा घातक प्रोग्राम शिरल्याचे आढळले होते. कोणत्या संगणकाला केव्हा हात लावायचा नाही, याचे ज्ञान म्हणूनच महत्त्वाचे.

भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचे जनक मानले जाणारे फकीरचंद कोहली हे मुळात वीज क्षेत्रातील अभियंते होते. टाटांच्या वीज कंपनीत यंत्रणेच्या नियंत्रणासाठी संगणकाचा वापर करण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यानंतर १९६९ मध्ये त्यांच्याकडे 'टीसीएस'ची सूत्रे आली. पुण्यातील टाटांचे संगणक संशोधन केंद्रही त्यांच्याच काळात, १९८१ मध्ये सुरू झाले.

संकटापूर्वीची तयारी

जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील काम ठप्प केले. तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या न्हावा-शेवा येथील टर्मिनललाही त्याची झळ बसली. कर्मचाऱ्यांची ओळख आणि परवानग्या सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या अनेक प्रती कंपनीकडे होत्या. परंतु त्या एकमेकींशी जोडलेल्या असल्याने सर्वच पुसल्या गेल्या. घानातील एक प्रत मात्र वाचली, कारण त्या वेळी तेथील वीज गेलेली होती! तिच्या आधारे कंपनीने यंत्रणा पुन्हा उभारली. चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्याने बसवावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले.

भारनियमनाला बोटे मोडणाऱ्या आपल्याकडील वाचकांना या घटनेचे हसू येईल; परंतु त्यातील धडा गंभीर आहे. जाळ्यापासून पूर्णपणे अलग ठेवलेली माहितीची एक प्रत हवीच. शिवाय 'बॅकअप घेतला आहे' आणि 'बॅकअपवरून काम सुरू करून पाहिले आहे' या दोन वाक्यांत महदंतर आहे. चांगला तंत्रज्ञानप्रमुख दुसऱ्या वाक्याचा आग्रह धरतो.

रुपयांची भाषा

संचालकांना सर्व्हर आणि फायरवॉलची भाषा कळत नाही. तास आणि रुपये कळतात. 'नवी यंत्रणा हवी' असे म्हणण्याऐवजी 'ही यंत्रणा एक दिवस बंद राहिली तर इतके नुकसान' असे सांगता येणे, हा तिसरा गुण. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. सुरक्षेवरील खर्च हा वायफळ खर्च नव्हे, हे पुणे जिल्ह्यात पटवून देण्यासाठी दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

निवड आणि नेमके लक्ष्य

अमेरिकेने महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक'ची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालील चमूने परदेशी महासंगणकाची नक्कल करण्याचा मार्ग सोडून दिला. बाजारात मिळणारे अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडण्याचा पर्याय त्यांनी निवडला आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' साकारला. हाताशी काय आहे, मुदत किती आहे आणि काय करायचे नाही, हे ठरवणे हेच नेतृत्वाचे मर्म असते.

चूक सांगण्याची मुभा

सायबर हल्ल्याची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांत 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेला कळवण्याचे बंधन एप्रिल २०२२ मधील निर्देशांनी घातले आहे. परंतु रात्रपाळीच्या ऑपरेटरने चुकून घातक ईमेल उघडला आणि नोकरी जाईल या भीतीने तो गप्प राहिला, तर हल्ला झाल्याचे वेळेवर कळणार तरी कसे? 'चूक झाली' असे सांगणाऱ्याला आधी धीर देणारा, चौकशी नंतर करणारा आणि संचालकांसमोर जबाबदारी स्वतः स्वीकारणारा प्रमुख म्हणूनच मोलाचा ठरतो.

शिरूर-दौंड भागातील अनेक तरुण आज संगणक अभियांत्रिकीची पदवी घेत आहेत. त्यांच्यापैकी कोणाला उद्या या पदावर पोहोचायचे असेल, तर प्रोग्रॅमिंगबरोबरच कारखान्यातील एक पूर्ण पाळी उभे राहून पाहण्याची तयारी ठेवावी. यंत्र कशाने थांबते आणि थांबले की कोणाचे काय बुडते, हे तेथेच समजते.