बातमीवर नाव एकाचे, जीव दुसऱ्याचा!

परदेशी वार्ताहर एखाद्या पेटलेल्या देशात उतरतो तेव्हा त्याला तिथली भाषा येत नाही, रस्ते ठाऊक नसतात, कोणत्या चौकीवर कुणाशी काय बोलायचे हेही कळत नाही. ते सगळे निभावून नेणारा एक स्थानिक माणूस त्याच्यासोबत असतो. बातमी मात्र छापून येते वार्ताहराच्या नावाने. अशाच एका स्थानिक माणसाची गोष्ट रोलँड जॉफे या दिग्दर्शकाने १९८४ साली ‘द किलिंग फील्ड्स’मध्ये सांगितली. गोष्ट खरी, माणसेही खरी.

सिडनी शॅनबर्ग हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा वार्ताहर. याआधी तो दिल्लीत होता. १९७१ साली ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने मांडलेला संहार जगापुढे आणणाऱ्यांपैकी एक. पुढे तो कंबोडियात गेला आणि तिथे त्याला डिथ प्रान भेटला. दुभाषा, वाटाड्या, छायाचित्रकार, सगळे काही प्रानच. ऑगस्ट १९७३मध्ये अमेरिकी विमानाने चुकून नेआक लुओंग या गावावर बॉम्ब टाकले, शंभराहून अधिक माणसे मेली. वार्ताहर तिथे पोहोचू नयेत असाच अमेरिकी अधिकाऱ्यांचा प्रयत्न होता. हे दोघे नावेतून पोहोचले.

एप्रिल १९७५मध्ये ख्मेर रूजचे बंडखोर राजधानी नॉम पेन्हच्या वेशीवर आले. प्रानची बायको आणि चार मुले अमेरिकी हेलिकॉप्टरमधून सुखरूप बाहेर पडली. प्रान मात्र मागे राहिला. का? तोही पत्रकार होता म्हणून? की शॅनबर्गला तो हवा होता म्हणून? सगळा चित्रपट या एका प्रश्नाभोवती फिरतो.

१७ एप्रिलला शहर पडले आणि शॅनबर्ग व त्याचे सहकारी बंडखोरांच्या तावडीत सापडले. प्रानला जायला मोकळीक होती. तो उलट विनवण्या करून त्यांच्याच गाडीत चढला आणि हे पत्रकार निरुपद्रवी आहेत असे बंदूकधारी पोरांना कितीतरी वेळ पटवत राहिला. हा प्रसंग पाहताना घशाला कोरड पडते. प्रान काय बोलतोय ते आपल्याला कळत नाही, आणि गाडीतल्या गोऱ्यांनाही नाही! त्याने त्यांचे प्राण वाचवले. त्याला वाचवण्याची वेळ आली तेव्हा मात्र फ्रेंच वकिलातीत बनावट पासपोर्टसाठी धडपडून काढलेला फोटोच पुसट होत जातो. प्रानला बाहेर जावे लागते.

पुढची चार वर्षे म्हणजे शेतावरची वेठबिगारी, मूठभर भात, मारहाण. शिकलेला माणूस म्हणजे शत्रू अशी त्या राजवटीची व्याख्या. प्रानने आपण अडाणी टॅक्सी ड्रायव्हर असल्याचे सोंग घेतले. सुमारे १७ लाख लोक त्या राजवटीत मेले.

इकडे १९७६ साली शॅनबर्गला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ते त्याने प्रानच्याही वतीने स्वीकारले. चित्रपटात एका समारंभाच्या रात्री त्याचा छायाचित्रकार मित्र स्वच्छतागृहात त्याला गाठतो आणि तोंडावर विचारतो, या बक्षिसासाठीच प्रानला थांबवलेस ना? शॅनबर्ग रागावतो. नंतर मात्र बहिणीजवळ कबूल करतो, मला तो हवा होता म्हणून तो थांबला. नायकाला असे उघडे पाडणारे चित्रपट थोडेच. शेवटी वाजवलेले जॉन लेननचे गाणे मात्र नसते तर बरे झाले असते. तिथे शांतताच पुरेशी होती.

प्रानची भूमिका केली हाइंग न्गोर याने. तो नट नव्हता, डॉक्टर होता. त्यानेही तेच भोगले होते. बायको बाळंतपणात डोळ्यांदेखत गेली. तो स्वतः प्रसूतीतज्ज्ञ, पण हाताशी काही साधन नव्हते आणि डॉक्टर असल्याचे उघड झाले असते तर मरण ठरलेले. १९८५ साली त्याला सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. १९९६ साली लॉस एंजलिसमध्ये घराबाहेर त्याचा खून झाला.

खरा प्रान ऑक्टोबर १९७९मध्ये सीमा ओलांडून थायलंडला पोहोचला. खबर मिळताच शॅनबर्ग धावत आला. पुढे प्रान ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्येच छायाचित्रकार झाला आणि २००८ साली न्यू जर्सीत वारला. त्याच्या छायाचित्रांखाली नाव त्याचे स्वतःचे असे.