सीमापार सहकार्याचा पैसा – लेखांक ४ : भागीदार कोण होऊ शकतो?

सीमेलगतच्या प्रदेशांनी एकमेकांबरोबर काम करावे म्हणून युरोपीय संघ जो पैसा देतो, तो मुख्यतः ‘इंटररेग’मधून जातो. इंटररेग १९९० मध्ये सुरू झाला. २०२१ ते २०२७ हा त्याचा सहावा टप्पा असून त्यासाठी सुमारे आठ अब्ज युरोंची तरतूद आहे. ही एकच एक योजना नव्हे. दोन शेजारी देशांच्या सीमापट्ट्यापुरते असलेले कितीतरी कार्यक्रम, अनेक देशांना सामावणाऱ्या मोठ्या प्रदेशांचे कार्यक्रम आणि सबंध संघाला खुले असलेले काही कार्यक्रम त्यात येतात. सर्वांना लागू होणारी चौकट २०२१ च्या १०५९ क्रमांकाच्या विनियमात आहे. त्या चौकटीत राहून प्रत्येक कार्यक्रम आपापले बारकावे ठरवतो. म्हणून एका कार्यक्रमात पात्र ठरलेली संस्था शेजारच्या कार्यक्रमात अपात्र ठरू शकते.

पहिली अट देशांच्या संख्येची आहे. सीमावर्ती प्रकल्पात किमान दोन सहभागी देशांतील भागीदार हवेत आणि त्यांतला निदान एक संघाच्या सदस्य राष्ट्रातला हवा. ‘इंटररेग युरोप’सारख्या संघव्यापी कार्यक्रमात ही संख्या तीनवर जाते आणि त्यांतले दोन सदस्य राष्ट्रांतले असावे लागतात. पण निव्वळ संख्या भरून भागत नाही. भागीदारांनी प्रकल्पाची आखणी आणि अंमलबजावणी एकत्र करायची असते. शिवाय मनुष्यबळ किंवा पैसा, यांपैकी निदान एक गोष्ट सामाईक असावी लागते. पात्रतेच्या सगळ्या नियमांत हा सर्वांत मोलाचा नियम म्हटला पाहिजे. पलीकडच्या गावाची सही अर्जावर घ्यायची आणि काम व पैसा अलीकडेच ठेवायचा, ही पळवाट त्यामुळे अडते. प्रत्यक्ष काम एकाच देशात झाले तरी चालते. मात्र त्याचा लाभ संपूर्ण कार्यक्रमक्षेत्राला कसा होणार, हे अर्जात दाखवावे लागते.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. सीमावर्ती कार्यक्रमांचे क्षेत्र सीमेला लागून असलेल्या छोट्या सांख्यिकी विभागांनी आखले जाते. अशा विभागाची लोकसंख्या साधारणपणे दीड लाख ते आठ लाख असते. समुद्राने विभागलेल्या प्रदेशांत दोन्ही किनाऱ्यांमधले अंतर सर्वसाधारणपणे १५० किलोमीटरपर्यंत धरले जाते. क्षेत्राबाहेरच्या संस्थेला दार पूर्ण बंद नाही. राजधानीतले मंत्रालय किंवा दूरचे विद्यापीठ भागीदार होऊ शकते, पण त्याच्या सहभागातून कार्यक्रमाची उद्दिष्टे साधली पाहिजेत. मागील टप्प्यात क्षेत्राबाहेरील खर्चावर सर्वसाधारणपणे २० टक्क्यांची कमाल मर्यादा होती. चालू टप्प्याच्या विनियमात ती उरलेली नाही.

संस्थेचे स्वरूप हा यातला किचकट भाग. नगरपालिका, प्रादेशिक सरकारे, सरकारी विभाग ही सार्वजनिक प्राधिकरणे बहुतेक सगळीकडे निर्विवाद पात्र असतात. त्यांच्या जोडीला ‘सार्वजनिक कायद्याखालील संस्था’ हा वर्ग आहे. त्याची व्याख्या सरकारी खरेदीविषयीच्या २०१४ च्या निर्देशातून घेतली जाते. संस्था सार्वजनिक हिताची, व्यापारी किंवा औद्योगिक स्वरूपाची नसलेली गरज भागवण्यासाठी स्थापन झालेली असावी आणि तिला कायदेशीर व्यक्तित्व असावे, या अटी आधी येतात. त्यांपुढे तीनपैकी एक खूण पुरते : बहुतांश पैसा सरकारी, किंवा व्यवस्थापनावर सरकारी देखरेख, किंवा संचालक मंडळातले निम्म्याहून अधिक सदस्य सरकारनियुक्त. विद्यापीठे, रुग्णालये, विकास संस्था अनेकदा या वर्गात येतात.

खाजगी संस्थांबाबत कार्यक्रमांची धोरणे वेगवेगळी आहेत. ‘इंटररेग युरोप’मध्ये नफा न कमावणाऱ्या खाजगी संस्थांना भागीदार होता येते, प्रकल्पाचे नेतृत्व मात्र करता येत नाही; नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांना तिथे जागाच नाही. नऊ देशांच्या ‘मध्य युरोप’ कार्यक्रमात कंपन्याही पात्र आहेत. पण खाजगी संस्थेला नेतृत्व करायचे असेल तर आर्थिक क्षमतेच्या कसोटीला उतरावे लागते. कंपनी आली की सरकारी साहाय्याविषयीचे नियमही लागू होतात, कारण अनुदानामुळे एखाद्या उद्योगाला बाजारात अवाजवी फायदा मिळता कामा नये. आर्थिक अडचणीत सापडलेल्या उद्योगांना हा निधी काही अपवाद वगळता मिळत नाही.

नेतृत्व करणाऱ्या भागीदारावर एवढ्या अटी का, याचे उत्तर जबाबदारीच्या वाटपात आहे. भागीदारांनी आपल्यातून एक मुख्य भागीदार निवडायचा असतो. तो सर्वांशी करार करतो, संपूर्ण प्रकल्प पार पाडण्याची हमी घेतो आणि आलेला पैसा कोणतीही कपात न करता शक्य तितक्या लवकर इतरांना पोहोचवतो. नियमबाह्य खर्च आढळला तर वसुली प्रथम त्याच्याकडून होते. पुढे त्याने ती संबंधित भागीदाराकडून मिळवायची. ती मिळालीच नाही, तर त्या भागीदाराच्या देशाला रक्कम भरून द्यावी लागते. दुसऱ्याच्या देशातल्या, दुसऱ्या हिशेबपद्धतीतल्या चुकीचा भार पेलण्याची ऐपत तपासणे म्हणूनच रास्त आहे.

एकट्या संस्थेला अर्ज करता येईल अशीही एक सोय आहे. दोन देशांतील सदस्यांनी मिळून स्थापलेली कायदेशीर संस्था ‘एकल भागीदार’ ठरू शकते. २००६ च्या विनियमाने निर्माण झालेला ‘प्रादेशिक सहकार्याचा युरोपीय गट’ हा तिचा ठळक नमुना. अशा गटाने काय साधते ते पिरेनीज पर्वतातल्या सेर्दान्या खोऱ्यात दिसते. १६५९ च्या तहाने हे खोरे फ्रान्स आणि स्पेनमध्ये वाटले गेले. २०१० मध्ये दोन्हीकडच्या आरोग्य यंत्रणांनी मिळून असा गट स्थापला आणि २०१४ मध्ये स्पेनच्या हद्दीतल्या पुइगसेर्दा गावात दोन्ही देशांच्या रहिवाशांसाठी एकच रुग्णालय सुरू झाले. त्याला युरोपीय प्रादेशिक विकास निधीचे मोठे साहाय्य मिळाले.

संघाबाहेरचे देशही सहभागी होतात. नॉर्वे आणि स्वित्झर्लंड यांच्या भागीदारांचा खर्च त्यांचे स्वतःचे सरकारी निधी उचलतात. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावरही उत्तर आयर्लंड आणि आयर्लंडच्या सीमावर्ती परगण्यांसाठी ‘पीस प्लस’ कार्यक्रम चालू आहे. रशिया आणि बेलारूस यांच्याशी असलेले सहकार्य मात्र मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरील आक्रमणानंतर थांबवण्यात आले.

या व्यवस्थेत सर्वाधिक कोंडी होते ती छोट्या संस्थांची. संघाचा वाटा साधारणपणे ८० टक्क्यांपर्यंतच असतो. उरलेले स्वतः उभे करायचे. त्यातही खर्च आधी करायचा, तो तपासून घ्यायचा आणि मगच परतावा मिळतो. सीमेवरची शाळा किंवा हौशी नाट्यमंडळी कागदावर पात्र असली तरी इतके महिने पैसा अडकवून ठेवू शकत नाही, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसे जवळ येतात ती बहुधा अशाच मंडळींमुळे. यावरचा उपाय म्हणजे ‘लघुप्रकल्प निधी’. कार्यक्रमाच्या एकूण तरतुदीपैकी २० टक्क्यांपर्यंत रक्कम अशा निधीकडे वळवता येते. तो चालवणारी एक सक्षम संस्था नियमांचा आणि हिशेबाचा भार उचलते आणि लहान गटांना छोट्या रकमा सोप्या पद्धतीने देते. हा निधी उभारायचा की नाही, हे विनियमाने प्रत्येक कार्यक्रमावर सोपवले आहे. सीमाभागातील प्रत्येक कार्यक्रमाने तो उभारायला हवा.