दुर्बिणीची बैठक



जून महिना लागला की आपल्या बेटावर हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, तो सप्टेंबरपर्यंत चालतो. हे हरिण मूळचे इथले नव्हे. डच लोकांनी ते १६३९ साली जावाहून आणले. शिकारीच्या रानाला आपण क्रियोलमध्ये ‘शासे’ म्हणतो. रिव्हियेर न्वारकडच्या अशाच एका शासेवर माझे वडील राखणदार होते.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. एका पाहुण्याने मिराडोरवरून शंभर मीटरवरच्या हरणावर गोळी झाडली. बंदूक महाग, दुर्बीण त्याहून महाग. तरी गोळी छातीत न लागता पोटात लागली. वडील कुत्री घेऊन रक्ताच्या खुणांमागे गेले, ते रात्री परतले. “सापडले तेव्हा जिवंत होते,” एवढेच आईला म्हणाले आणि न जेवता निजले. दुसऱ्या दिवशी कळले की दुर्बीण धरून ठेवणाऱ्या कडीचा एक स्क्रू जीपच्या हादऱ्यांनी ढिला झाला होता.

ही आठवण आज निघाली ती इंग्लंडमधील माझ्या भाच्याच्या पत्रामुळे. तो सरे परगण्यातील बिस्ले येथे नेमबाजी शिकतो. तेथे १८९० पासून राष्ट्रीय स्पर्धा होतात आणि १००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटरवरच्या निशाणावरही गोळ्या मारतात. तिथल्या एफ-क्लास नावाच्या प्रकारात दुर्बीण चालते. भाचा लिहितो, “मामा, बंदूक घेतली, दुर्बीण घेतली. आता पैसे संपत आले. माउंट स्वस्तातले घेतले तर चालेल का?”

मी बंदूक चालवीत नाही, पण गणित शिकवतो. म्हणून त्याला फळ्यावरचे उदाहरण लिहून पाठवले. दुर्बिणीच्या दोन कड्यांमधले अंतर दहा सेंटिमीटर धरा. वहीच्या पानाची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर. पुढची कडी एवढीच, एका पानाइतकी सरकली, तर नजर हजारात एक या प्रमाणात चुकते. शंभर मीटरवर ही चूक दहा सेंटिमीटर होते. हरणाच्या छाती-पोटातले अंतर जवळजवळ तेवढेच! हजार यार्डांवर तीच चूक एक्याण्णव सेंटिमीटर होते. मग महाग भिंगाचा उपयोग काय? हत्ती गेला आणि शेपूट राहिले, तशातली गत.

आता निवड कशी करावी ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे माप. दुर्बिणीची नळी एक इंची, ३० मिलिमीटर किंवा ३४ मिलिमीटर जाडीची असते. कडी नेमक्या त्याच मापाची हवी. मध्ये पट्टी घालून काम भागवू नये.

दुसरी गोष्ट बंदुकीवरची खाचांची पट्टी. पिकाटिनी पट्टीचे माप अमेरिकन सैन्याने १९९५ साली ठरवून दिले. तिची खाच ५.२३ मिलिमीटर रुंद असते. जुन्या वीव्हर पट्टीची खाच त्याहून अरुंद, म्हणून पिकाटिनीची कडी तिच्यात सहसा बसत नाही. विकत घेण्यापूर्वी मोजून पाहावे.

तिसरी गोष्ट उतार. गोळी जाताना खाली पडत जाते, म्हणून लांबच्या निशाणासाठी दुर्बिणीचा काटा वर चढवावा लागतो. एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक मिनिट. ३०८ जातीच्या बंदुकीला शंभर यार्डांवरून हजार यार्डांवर जाताना सुमारे ३५ ते ४० मिनिटे चढ लागतो. दुर्बिणीत एकूण साठ मिनिटांची फिरकी असली, तर मध्यापासून वर तीसच उरतात. म्हणून पुढच्या बाजूला वीस मिनिटांचा उतार दिलेली पट्टी घ्यावी. मग वर पन्नास मिनिटे मिळतात आणि काम होते.

चौथी गोष्ट उंची. दुर्बीण नळीला टेकणार नाही इतकी उंच, पण गाल दस्त्यावर नीट टेकेल इतकी खाली असावी. दोन सुट्या कड्या घ्याव्यात की अखंड माउंट, हा प्रश्न त्यानंतरचा. पट्टी सरळ असेल तर चांगल्या सुट्या कड्याही पुरतात.

बसवणेही निवडीइतकेच महत्त्वाचे. कडी खाचेत पुढे रेटून मगच आवळावी, म्हणजे धक्क्याने ती सरकत नाही. स्क्रू अंदाजाने पिळू नयेत. कडीच्या वरच्या स्क्रूंना बहुधा दोन न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुरतो. कारखानदाराने दिलेला आकडा पाहावा आणि टॉर्क रेंच वापरावा. जास्त पिळले तर नळी चेपते. दुर्बिणीतली उभी रेघ गवंड्याच्या ओळंब्याशी जुळवावी. मारताना बंदूक एक अंश जरी कलली, तरी चाळीस मिनिटांच्या चढाला हजार यार्डांवर गोळी अठरा सेंटिमीटर बाजूला जाते.

कोणी विचारील, कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते अशाच दुर्बिणीने का? नाही. त्याच्या ५० मीटर रायफल प्रकारात दुर्बिणीला परवानगी नाही, छिद्राची माशी असते. पण तीही घट्ट बसलेली असावीच लागते.

भाच्याने दुर्बीण परत केली, थोडी साधी घेतली आणि वाचलेल्या पैशांत चांगले माउंट आणि रेंच घेतला. मला बरे वाटले.

त्या रात्रीनंतर वडिलांनी एक नियम केला होता. पाहुणा मिराडोरवर चढण्यापूर्वी ते त्याची बंदूक मागून घेत, ती रिकामी असल्याची खात्री करीत आणि दोन्ही कड्या बोटांनी हलवून पाहात. कोणी हसे, कोणी चिडे. वडील मात्र मुकाट्याने तपासत. कडी हलली, तर कागदावर एक गोळी झाडून दाखवल्याशिवाय ते कोणालाही वर जाऊ देत नसत.