पात्रं पडद्यावरची, मतं आपल्या घरातली

आमच्या गडचांदूरच्या पानठेल्यावर उभं राहिलं, की दहा मिनिटांत चार पात्रांचा निकाल लागतो. हा नायक बिनकामाचा, ती सून फार सोसते, खलनायकच खरा दमदार! अशी मतं कुणी विचार करून देत नाही, ती तोंडातून निघून जातात. म्हणून आपण त्यांना टाइमपास समजतो. मला मात्र वाटतं, की माणूस ओळखायला ही मतं फार उपयोगी पडतात.

हे होतं कसं, ते आधी पाहू. जो चेहरा रोज ठरावीक वेळी घरात येतो, त्याची आपल्याला शेजाऱ्यासारखी सवय होते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्येच या एकतर्फी ओळखीवर लेख लिहिला. आपण त्या माणसाला ओळखतो, तो आपल्याला ओळखत नाही. पण आपली माया आणि आपला राग खरा असतो. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मध्ये २००१ साली मिहीरचा मृत्यू दाखवला, तेव्हा प्रेक्षक इतके हळहळले, की त्याला परत आणावं लागलं.

शेजाऱ्याविषयी उघड बोलायची चोरी असते, पात्राविषयी नसते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका २०१६ ते २०२१ चालली. नागपूरकडची, वऱ्हाडी बोलणारी राधिका आम्हांला लगेच घरची वाटली. तिच्या नवऱ्याला, गुरुनाथला, नावं ठेवण्यात सगळ्यांचं एकमत होतं. पण घटस्फोटानंतर राधिकानं सौमित्रशी लग्न केलं, तेव्हा घराघरांत मतं फुटली. “पोरगं आहे पदरात, आता काहून लग्न?” असं आई म्हणायची. “काहून नाही करावं?” असं माहेरी परत आलेली लेक विचारायची. त्या लेकीला राधिकाबद्दलच बोलायचं होतं का? स्वतःविषयी जे आईबापांसमोर बोलता येत नाही, ते तिनं राधिकाच्या नावावर बोलून घेतलं.

दुसरं उदाहरण जंगलाचं. डिसेंबर २०२१ मध्ये ‘पुष्पा’ आला. हिंदीत त्याला श्रेयस तळपदेचा आवाज आहे. हा पुष्पा रक्तचंदनाचा चोरटा धंदा करतो. आमच्या भागाला सागवानाची चोरी काही नवी नाही. रोजमजुरी करणारा पोरगा म्हणतो, “तो कुणाला दबत नाही, म्हणून आवडते.” रात्री गस्त घालणाऱ्या वनरक्षकाच्या घरात मात्र तोच पुष्पा गुन्हेगार असतो. सिनेमा एकच, पण ज्याच्या त्याच्या जगण्याप्रमाणे मत बदलतं.

व्हिडिओ गेममध्ये गोष्ट एक पायरी पुढे जाते. तिथं पात्राकडे नुसतं बघायचं नसतं, ते आपल्या बोटांनी चालवायचं असतं. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ १९८५ साली आला. तो खेळणारा मुलगा “मारिओ मेला” असं म्हणत नाही, “मी मेलो” असं म्हणतो. त्यामुळे त्याच्या आवडत्या पात्राला आपण फालतू म्हटलं, की तो घाव त्याच्यावरच बसतो.

एक भान मात्र ठेवायला हवं. पात्रावरचा राग नटावर काढू नये. पडद्यावर बायकांना नकोसे वाटणारे निळू फुले प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलात घडलेले, सामाजिक कामांना हातभार लावणारे गृहस्थ होते. अभिनय खरा वाटला, ही त्यांची कमाई. तिची शिक्षा त्यांना कशाला?

तेव्हा घरात कुणी एखाद्या पात्राविषयी मत दिलं, तर ते लगेच खोडून काढू नका. टीव्हीचा आवाज थोडा कमी करा आणि “तुला असं का वाटतं?” एवढंच विचारा. मग मध्ये न बोलता ऐकून घ्या.