आरोपाची नोटीस हाती पडते तेव्हा

मुलाच्या घटस्फोटाचा वाद चिघळतो आणि एके दिवशी पोलीस ठाण्याच्या नोटिशीत त्याच्या नावाखाली आपलेही नाव दिसते. सासू-सासऱ्यांनी छळ केला, असा आरोप त्यात असतो. उतारवयात हा आघात केवळ मनावर होत नाही. रक्तदाब चढतो, झोप उडते, जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा चुकतात. म्हणून वाचकहो, न्यायाची लढाई आणि प्रकृतीची काळजी ही दोन्ही कामे एकाच वेळी हाती घ्यावी लागतात.

कायदा काय सांगतो?

विवाहितेच्या छळाविरुद्धचे कलम ४९८-अ हे १९८३ मध्ये आले. हुंड्यापायी होणारे छळ आणि मृत्यू ही त्यामागची पार्श्वभूमी होती आणि त्याची गरज आजही संपलेली नाही. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे. गुन्हा अजामीनपात्र असून शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. तथापि तक्रार झाली म्हणजे अटक झालीच, असे नाही. २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत सरसकट अटक करू नये असे बजावले. चौकशीच्या नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्यास, अधिकाऱ्याने सबळ कारणे नोंदवल्याखेरीज, अटक होत नाही. ठोस घटना न सांगता साऱ्या कुटुंबाला गोवण्याच्या प्रवृत्तीवरही न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तेलंगणातील एका प्रकरणात बोट ठेवले.

पहिल्या काही दिवसांत

नोटीस टाळू नका. प्रकृतीमुळे जाणे अशक्य असल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून वकिलामार्फत लेखी कळवा. अटकपूर्व जामीन मागायचा का, हेही वकिलांनाच विचारा. त्यांच्यापासून काही लपवू नका. कधी टोचून बोललो असू, माहेरच्या देण्याघेण्यावरून शब्द गेला असेल, तर तोही सांगा. आरोप खोटा ठरवायचा तर आपली बाजू पूर्ण खरी हवी.

आपण कोणत्या काळात कोठे राहत होता, हे दाखवणारी कागदपत्रे काढा: घरभाड्याचा करार, वीजबिले, प्रवासाची तिकिटे, रुग्णालयाचे कागद. भ्रमणध्वनीवरील जुने संदेश पुसू नका. सुनेला वा तिच्या माहेरी रागाने फोन करू नका, नातेवाइकांच्या गटात काही लिहू नका. असे एक वाक्यही पुढे आपल्याविरुद्ध पुरावा ठरू शकते. तिचे दागिने व सामान घरी असल्यास त्याची यादी करून वकिलांच्या सल्ल्यानेच परत करा.

महिलांना, म्हणजे सासूबाईंनाही, उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

सांभाळणाऱ्यांसाठी

ज्येष्ठांपासून नोटीस दडवू नका. सोप्या शब्दांत, शांतपणे सांगा. ठाण्यात वा न्यायालयात जाताना औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, पाणी आणि खाणे बरोबर घ्या. मधुमेही व्यक्तीला उपाशी बसू देऊ नका. छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे ही लक्षणे 'ताणामुळे असेल' म्हणून सोडू नका; तत्काळ रुग्णालय गाठा. 'आता जगून काय करायचे' असे शब्द आले, तर त्यांना एकटे ठेवू नका आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मदत मागा.

नातवंडांसमोर

भेटीचा प्रश्न कुटुंब न्यायालयात सुटेल. त्याला महिने लागतील. तोवर नातवंड भेटले, तर त्याच्यापुढे त्याच्या आईविषयी वाईट बोलू नका आणि तिकडच्या घरातले काही विचारूही नका. त्याला नेहमीची गोष्ट सांगा, आवडीचे खाऊ घाला. निकाल काहीही लागला, तरी त्या लेकराला आजी-आजोबा हवेच आहेत. त्यासाठी आपली प्रकृती आणि वाणी दोन्ही जपा.